भागिले चार

बिल येतं श्रीमती कुमुदिनी दामोदर राऊळ यांच्या नावाने.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मुलगा विरारला असतो, भाडं पाच तारखेला मागतो,
आणि नाव बदलायचं राहूनच गेलंय म्हणतो,
दर वेळी, नव्याने आठवल्यासारखं.

नायगावात तिसरा मजला, दीड खोली, चौघी.
फिरदौस मालेगावची, फार्मसीला.
शाल्मली देवरुखची, केस मशीनने वाळवल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी.
जागृती वळवी धडगावची, वनस्पतिशास्त्र,
रात्री दोनपर्यंत ओट्यापाशी वाचत बसणारी.
आणि मी उदगीरची. बी.कॉम., म्हणून हिशोब माझ्याकडे.

वही फ्रीजवर. तिला सुतळीने बांधलेलं पेन,
कारण पेनं पळतात.
सिलिंडर भागिले चार. नेट भागिले चार.
पाण्याचा जार भागिले तीन, शाल्मली उकळून पिते.
उकळायला गॅस लागतो, असं फिरदौस म्हणाली,
त्यावर दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

जानेवारीत एकशे बासष्ट युनिट.
पंखा एकवर असताना!
मग इस्त्री कपाटावर गेली.
मग गिझरच्या बटणावर चिठ्ठी: पाच मिनिटं.
मग मी, वही उघडून, फार शहाण्यासारखं,
'रात्रीचा दिवा किती वेळ चालतो, बघायला हवं.'
नाव घेतलं नाही.
दीड खोलीत घ्यावं लागत नाही.

जागृती दुसऱ्या दिवसापासून जिन्यात वाचू लागली,
वरून तिसऱ्या पायरीवर,
साठच्या पिवळ्या बल्बखाली.

मार्चअखेर हॉस्टेलला नंबर लागला म्हणाली आणि गेली.
दोन पिशव्या.
वहीत तिच्याच अक्षरात: जागृती, विजेचे जास्तीचे, ३००.
नोटा चहाच्या डब्याखाली.

एप्रिलचं बिल आलं, एकशे एकाहत्तर.
आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो
आणि कोणी काही बोलायच्या आत
शाल्मलीने वायरमनला फोन लावला.

त्याने मेन बंद केला.
फ्रीज कण्हला, गप्प झाला.
आणि जिन्यातून पावसकर आजोबा ओरडले,
'दिवा कोणी घालवला रे?'

ते भिंत धरून वर आले.
'तो राऊळबाईंचा.
दामूला रात्रीचं दिसायचं नाही, प्रेसमधून दीडला यायचा.
कमिटी नको म्हणाली, तर हिने आपल्याच मीटरवरून वायर ओढली.
बटण ठेवलंच नाही. कोणी बंद केला तर?'
उडालेला बल्ब कोण बदलतं, मी विचारलं.
'मी. तेवढं तरी नको करायला?'

साठ वॅट, चोवीस तास, तीस दिवस, भागिले हजार:
त्रेचाळीस युनिट, वर थोडे.
इतकी वर्षं अख्खी चाळ एका बाईच्या बिलावर
वर चढत होती, खाली उतरत होती.

'तोडू?' वायरमन पकड घेऊन उभा.
तिसऱ्या पायरीशी, भिंतीच्या चुन्यावर,
पेन्सिलीने झाडांची लॅटिन नावं,
खोडून पुन्हा लिहिलेली. एकाचं स्पेलिंग शेवटपर्यंत चुकलेलं.
फिरदौस म्हणाली, 'नको. नऊ वॅटचा लावा.'

आजोबांना पांढरा उजेड आवडला नाही.
दवाखान्यात आल्यासारखं वाटतं म्हणे.

मी जागृतीला तीनशे पाठवले.
शेऱ्याच्या जागी 'वीज' लिहिलं, दुसरा शब्द सुचला नाही.
निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही.

वहीत आता एक रकाना जास्तीचा: जिना.
काल मे महिन्याचं आलं. एकशे चौतीस.
श्रीमती कुमुदिनी दामोदर राऊळ, मुदत सतरा तारीख.

एक तारखेला नवी मुलगी येतेय, परांड्याची.
तिला मी फोनवरच सांगून टाकलं,
रात्री कितीही वाजेपर्यंत वाचलंस तरी चालेल.
तिने विचारलंच नव्हतं.