काखेतला पारा

पावणेपाच. घणसोली.
दिव्याखाली थर्मामीटर तिरका धरते:
शंभरच्या पुढे दोन रेघा, की तीन?
पेशंटचा असता तर तीनच लिहिल्या असत्या.

घसा कालपासून दुखतोय.
डबा खाताना हेमांगीला म्हटलं, एसीमुळे असेल.
तिनेही मान डोलावली.
आज तिला डबल करावी लागेल,
आणि पाळणाघर तिच्या मुलीला सातनंतर ठेवत नाही.

मागच्या वर्षी एकशे एकवर गेले होते,
गोळी घेऊन, मास्कवर मास्क लावून.
सगळ्यांनी कौतुक केलं.
त्या आठवड्यात वॉर्डात कोण कोण खोकलं
ते कुणी मोजलं नाही. मीही नाही.

सहा नंबरच्या पेटीत परवीनचं बाळ आहे,
नऊशे वीस ग्रॅम. अजून नाव नाही.
काल त्याने माझी करंगळी धरली होती,
ग्लोव्हवरून.

तांडेल सिस्टरना फोन लावते.
घसा खरंच बसलाय, तरी
आवाज आणखी थोडा बसवते
आणि माझी मलाच लाज वाटते.
‘बरं,’ त्या म्हणतात. मग नुसता श्वास.
‘सर्टिफिकेट आण.’

सात वाजता ठाणे-बेलापूर रोडवर
कंपन्यांच्या बस सुरू होतात.
आता हँडओव्हर. आता सहा नंबरची नळी बघतील.
मी उठते, मोरीत हात धुते
कोपरापर्यंत, बेचक्यांत, नखांच्या मागे,
पूर्ण चाळीस सेकंद,
आणि ओले हात वर धरून
स्वयंपाकघरात येते.

गॅसवर रात्रीचा चहा आहे,
साय धरलेला.