आवड : वायर सोलणे

ठमके मॅडमनी फॉर्म दिला, त्यावर चार रकाने.
नाव : मोहोर सुखदेव इंगोले. वर्ग : सातवा.
पालकाची सही बाबांनी हात पुसायच्या आधीच केली,
म्हणून सहीच्या शेपटीला वार्निशचा डाग.
चौथा रकाना, आवड.
तिथं मी बराच वेळ थांबले.
पियूष मडावीनं लिहिलं होतं विज्ञान,
अल्फियानं अवकाश संशोधन.
मी लिहिलं, वायर सोलणे.

बाबांचं दुकान एस.टी. थांब्याच्या मागं.
विहिरीतून काढलेल्या मोटारी येतात तिथं, चिखलासकट.
त्यांच्या पोटातलं जळकं तांबं बाबा उपसतात
आणि नवं भरतात, वेढे पुटपुटत.
मोजताना हाक मारायची नाही,
एवढा एकच नियम आमच्या घरात.

टीम पाच जणांची. मी सहावी.
मॅडम म्हणाल्या, राखीव.
राखीव म्हणजे काय ते मला ठाऊक होतं,
खो-खोत मी सगळ्यांच्या चपला राखते.

इथं बॅटऱ्या राखल्या.
शाळेतली लाईन चारला जायची,
मग मी त्या दप्तरात घालून दुकानात न्यायची,
चार्जिंगला लावून तिथंच गणितं सोडवायची.

रोबोचं नाव टिटवी.
थोडी धावते, थांबते, ओरडते, पुन्हा धावते.
व्हरांड्यात काळी टेप चिकटवलेली,
टिटवीनं तिच्यावरूनच जायचं, एवढंच काम.
पण पाच वाजले की खिडकीच्या गजांच्या सावल्या
फरशीवर आडव्या पडायच्या
आणि टिटवी टेप सोडून एखादा गज धरायची,
जाऊन भिंतीला टक्कर द्यायची.
आठवडाभर पोट्टे कोड तपासत बसले.
मी म्हटलं, तिले सावली पट्टी वाटते.
आमची म्हैस नाही का, तारेच्या सावलीपाशी अडून बसते?
सगळे हसले.
अल्फिया हसली नाही. ती म्हणाली, मग करायचं काय?
मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा घागरा कापून
सेन्सरला नेसवला.

अमरावतीच्या हॉलमध्ये ऊनच नव्हतं.
ट्यूबलाईट, एसी, पांढराशुभ्र फ्लेक्स,
कुठं सावली नाही.
घागरा उगाच.
पाच जण टेबलापाशी, मी दोरीच्या अलीकडे,
हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या.

टिटवी निघाली. पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्याला जरा अडखळली, गुरगुरली, पण सोडेना.
पियूष ओरडत होता, चाल, चाल!
आणि मला वास आला.

तो वास मला कुणी शिकवला नाही.
दुकानात पाळणा बांधलेला होता माझा.

अल्फिया, बंद कर! मोटर जळून राहिली!
तिनं माझ्याकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं.
आणि बटण दाबलं.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं, वर न बघता.
चाकात टेपचं सुटलेलं टोक गुंडाळलं होतं.
हात लावला तर चटका.
पियूष म्हणाला, दोनच वळणं होती. गेली असती.
गेली असती. खरंय.
मी काही बोलले नाही.
परत येताना तो चांदूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होता,
मग त्यानंच विचारलं,
वास कसा असते?
मी सांगायला गेले, जमलं नाही.
म्हटलं, ये दुकानात.

रात्री बाबांनी मोटर तळहातावर घेतली.
नंबर किती आला, विचारलंच नाही.
हे तर मुंगीची मोटर हाय, बापा, म्हणाले,
चष्मा लावला,
चिमट्यानं पत्रा उलगडला.
आत तीन वेटोळी, त्यातलं एक काळं.
बाबा सुईच्या टोकानं एकेक वेढा सोडवू लागले,
ओठ हलू लागले.

आईनं ताट वाढून ठेवलं.
बाबांचा फोन दोनदा वाजला.
कुणी हाक मारली नाही.