भाव

चिलोए बेटावरचं हे चर्च सगळं लाकडाचं,
खिळेसुद्धा लाकडी.
पाद्री होडीने येतो, वर्षातून तीनदा.
बाकीचे रविवार म्हातारा सेलेदोनियो प्रार्थना सांगतो,
दातांत फट, त्यामुळे प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजते.

एदेल्मिरा तिसऱ्या बाकावर.
तिची प्रार्थना म्हणजे वाणसामानाची यादी:
डाव्या गुडघ्याला आराम पडू दे.
माशांच्या कारखान्यात पोराची नोकरी टिकू दे.
छपराची ती गळकी फळी या हिवाळ्यापुरती तग धरू दे.
आणि बटाट्याला, प्रभो, यंदा तरी भाव येऊ दे.
मग आमेन. मग शाल झटकून घरी.

यंदा भाव आला.
दाल्काउएच्या बाजारात व्यापाऱ्याने
घासाघीस न करता दुप्पट पैसे मोजले.
तिने मेणबत्ती घेतली, चांगली, जाड,
आणि परतताना टेकडीच्या वळणावर
रोसेंदोचं शेत पाहिलं.

करपा.
पानं काळी, ओली,
वास थेट कुंपणापर्यंत.
हेच ते कुंपण, जे त्याने हातभर सरकवलं होतं
अकरा वर्षांपूर्वी; तेव्हापासून बोलणं नाही.
त्याची बायको उबेर्लिंदा चरात उकिडवी बसून
कुजक्यातून बरे बटाटे निवडत होती.
पाटी अर्धीही भरली नव्हती.
“टेकडीपलीकडे सगळ्यांचंच गेलं,”
एवढंच म्हणाली, मान वर न करता.

म्हणजे भाव असा येतो तर.

रविवारी सेलेदोनियोची शिट्टी वाजली,
“आमची रोजची भाकर आज आम्हांस दे,”
आणि एदेल्मिरा पहिल्याच शब्दाला अडली.
साठ वर्षं तो तोंडातून गेला, गुळगुळीत.
त्यात किती माणसं बसतात ते तिने कधी मोजलं नव्हतं.
ती, पोरगा, फार तर कास्त्रोची बहीण.
आता सरकून सरकून जागा करावी लागली:
उबेर्लिंदा, तिची तीन लेकरं,
आणि रोसेंदो,
तो कुंपणासकट.

मेणबत्ती खिशातच होती.
लावावी तर आभार कशाचे?
लोक गेले. ती बसून राहिली.
यादी आठवेना; आठवली तरी जीभ रेटेना.
फळ्यांमधून समुद्राचा वारा आत येत होता.
आज तिने काही मागितलं नाही,
नुसती त्याच्याजवळ बसली,
जसं आपण आजाऱ्याच्या उशाशी बसतो,
काही बोललाच तर ऐकू यावं म्हणून.
अंधारू लागलं तेव्हा एवढंच निघालं:
तो भाव राहू दे, प्रभो.
भाव दे.

सोमवारी तिने अर्धं पोतं बियाणं,
निळ्या सालीचं, ठेवणीतलं,
कुंपणावरून पलीकडे उतरवलं.
रोसेंदोने पाहिलं. बोलला नाही.
कुत्रा मात्र बराच वेळ भुंकला.

परतताना चढावर गुडघा ठणकला,
तेव्हा तिला आठवलं,
त्याचं सांगायचं राहूनच गेलं.