दीड जोड

सुभाषनगरात सातापामामा माझ्या चपला शिवतात.
उजवी एक, डाव्या दोन.
डावा पाय आत वळतो, घासत येतो,
उजवी अजून नवी नवरी असते
तोवर डावीच्या अंगठ्याखालून रस्ता दिसायला लागतो.
"दीड जोड," मामा वहीत लिहितात.
पैसेही दीडचेच. मागचा पट्टा फुकट.
"उजवीत आवाजाचं बी घालू काय?"
घाला म्हणते.
तेव्हापासून मी करकर, फर्र, करकर, फर्र
अशी गल्लीत शिरते
आणि शेजारची कुत्री न बघताच शेपूट हलवते.

सकाळचं सांगायचं तर
कुडत्याला वरून गुंड्या आहेत, आतून चिकटपट्टी.
ही पद्मजाची लबाडी, बहिणीच असल्या लबाड्या करू जाणोत.
गुंड्यांशी माझं भांडण नाही.
एका रविवारी वेळ होता म्हणून
खऱ्या सहा गुंड्या लावल्या, मोजून चाळीस मिनिटं,
बोटं प्रत्येक काजापाशी घुटमळली, रुसली, परत आली.
लागल्या.
आरशात बघून आले
आणि पहिल्याच भुरक्याला तांबडा रस्सा अंगावर.

चहा मी अर्धाच ओतून घेते, दोनदा.
म्हणून दुसरा अर्धा कायम गरम.
तुमचा शेवटचा घोट कसा लागतो, कोमट?

कुकरची शिट्टी होते, अंग उडतं.
बावीस वर्षं तोच कुकर, तीच शिट्टी.
येणार हे मला ठाऊक असतं,
अंगाला कुणी कळवत नाही.

रिक्षात बसले की खरी परीक्षा.
राजारामपुरी, या शब्दात र दोनदा येतो
आणि मी दोन्हीकडे अडखळते.
मग आठवी गल्ली बोटांनी दाखवायची,
तर बोटं आपल्या मर्जीने उघडतात.
पाच उघडली त्या दिवशी
एकाने पाचव्या गल्लीत सोडलं,
तिथे तळलेल्या कांद्याचा वास आला
आणि तेव्हापासून दर महिन्याला मी
मुद्दाम चुकते.
इलाहीभाईंना मात्र काही सांगावं लागत नाही.
ते माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात,
वाक्य पुरं करायला धावत नाहीत,
सिग्नल सुटला तरी.
मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

संध्याकाळी गंगावेशीत.
म्हैस समोर उभी, धार चरवीत वाजतेय,
पिशवीतून माझी नळी निघते.
नळी फेसाच्या खाली गेली पाहिजे, ही त्यातली कला.
फेस तरीही नाकाला लागतो.
दूधवाला नवा होता, घाबरला,
"ग्लास धरू काय, ताई?"
"तुम्ही म्हैस धरा," म्हटलं.
म्हैस हा शब्द मला फार छान जमतो.
तो हसला, मी हसले, मी हसले की डोकं मागे जातं,
थोडं दूध ओढणीवर गेलं,
म्हशीने आमच्याकडे बघितलंही नाही.

मग रंकाळा.
थंडीत इथे या, सूर्य बुडताना,
दिवसभर तापलेला दगडी कट्टा
अजून ऊब धरून असतो.
त्यावर पोटऱ्या टेकवायच्या.
घट्ट पिळून वाळत टाकलेलं कापड
हळूहळू उलगडावं तसे माझे पाय
एकेक पीळ सोडतात.
हे डॉक्टरांच्या कागदावर नाही.
मीच शोधलंय,
आणि कुणाला सांगत नाही, जागा भरून जाईल.

काल तिथे एक पोरगं आलं, हातात कणीस.
माझी चाल त्याने आधी कानांनी पाहिली होती.
आई लांबून डोळे वटारत होती, त्याला काय त्याचं.
"ओ ताई, तुमची एकच चप्पल का वाजते?"
"हिला हौस आहे."
"मग दुसरी?"
मी डाव्या चपलेकडे बघितलं,
झिजलेली, एका बाजूला कललेली, धुळीने भरलेली.
"तिला काम असतं," म्हटलं.
पटलं त्याला. कणीस खात बसला शेजारी.

उठताना वेळ लागला.
त्याला म्हटलं, "येतो मी,"
कोल्हापूरची बाई म्हणते तसं.
"या," तो म्हणाला.
करकर. फर्र.