चार-दोन-दोन

तपकीर गल्लीत माझं दुकान
म्हणजे दीड माणूस मावेल एवढी फट,
आणि वर टांगलेल्या ताटल्या.
गिऱ्हाईक आधी डोकं आपटतं,
मग भाव विचारतं.

घरासाठी? दोन फुटी घ्या, पत्र्याची.
एक एलएनबी, वीस मीटर तार, साधा डबा.
कुलूपबंद ते दिसणार नाही, उघडं ते सगळं दिसेल.
आग्नेयेला टाकी नको, नारळ नको,
शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघणार असेल
तर आत्ताच सांगा.

धंद्यासाठी? मग बसा, चहा सांगतो.
धायरीचे केबलवाले येतात,
त्यांना बारा फुटी, काँक्रीटचा पाया,
आणि रॅकमध्ये बसणारा तो रिसीव्हर,
ज्याची किंमत सांगताना
मीसुद्धा खाली बघतो.

कुमुदिनी गुळवणी मंगळवारी आल्या.
डोकं आपटलं नाही. वाकून आल्या.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं हिशेब;
हातात वहीचं फाडलेलं पान.
"सी-बँड. सहा फुटी, जाळीची.
डबा ब्लाइंड स्कॅनवाला.
फीड पकडायचेत."

मी चष्मा काढून ठेवला.

फीड म्हणजे बातमीचा कच्चा माल.
रस्त्यावरच्या गाडीतून वर जातो,
वरून स्टुडिओत उतरतो.
पट्टी नाही, जाहिरात नाही.
वार्ताहर भांग पाडतोय,
कुणीतरी माइक ठोकतंय,
कुणीतरी म्हणतंय, अरे थांब.
दहा मिनिटं असतो. मग त्या जागी नुसतं आकाश.

"मुलगा कॅमेऱ्यावर असतो, गुवाहाटीला.
रविवारी फोन येतो. बरा आहे, जेवलो.
फोनवर तो माझ्याशी बोलतो हो.
मला तो इतरांशी कसा बोलतो
ते ऐकायचंय."

गिऱ्हाईक फसवायचं तर ही वेळ होती.
मी खरं ते सांगितलं.
बाई, हे फीड चार-दोन-दोन असतात.
त्यात रंग जास्त भरलेला असतो,
घरगुती डब्याला तो उलगडत नाही.
पडदा काळा राहतो, आवाज तेवढा येतो.
चित्र हवं तर धंद्याचा रिसीव्हर,
म्हणजे तुमची सहा महिन्यांची पेन्शन.

त्यांनी पान उलटं केलं,
वजाबाकी केली, पुन्हा पडताळली.
"कॅमेऱ्यामागचा माणूस
चित्रात कधी असतो का हो?
साधाच द्या."

कर्वेनगर, तिसरा मजला, वर गच्ची.
सेक्रेटरी चिटणवीस जिन्यातच उभे:
वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का?
नाही पाडत. फरशीचे तुकडे ठेवतो वजनाला.
एकोणसाठ अंश वर, तोंड आग्नेयेला.
मीटर कुरकुरला, मी एलएनबी
अंगठ्यानं दाण्याएवढी फिरवली,
आणि तो सरळ ओरडायलाच लागला.

पहिल्या आठवड्यात काही नाही.
कुणाचं तरी भजन, एकदा नुसते रंगाचे पट्टे.
बाईंनी वेळा लिहून ठेवल्या,
खतावणीत लिहितात तशा.

नवव्या दिवशी मी नट आवळायला गेलो होतो,
वाऱ्यानं ताटली दोन बोटं हलली होती.
खालून हाक आली, या.
टीव्हीवर काळं. सिग्नल एकाहत्तर.
काळ्यातून जनरेटर, कुत्रं, माणसांची गर्दी,
आणि अगदी जवळ, कानाला लागून, एक खोकला.
मग हिंदीत, तार पे पैर मत रख भाई,
सुबह से किसी ने खाया नहीं है, जल्दी करो.
मग तार पुन्हा कुणीतरी तुडवली असावी,
कारण एक सणसणीत मराठी शिवी
छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन
तेवढीच खाली गुळवण्यांच्या हॉलमध्ये पडली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.
बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
"उपाशी आहे," म्हणाल्या,
"आणि रविवारी मला म्हणेल, जेवलो."
रिमोट उचलला, आवाज दोन घरं वाढवला.

निघताना पायऱ्यांवर विचारलं,
एलएनबीची वॉरंटी किती?
एक वर्ष. पाणी शिरलं तर नाही.
"मग पिशवी बांधून ठेवते,"
म्हणाल्या, आणि दार
ढकललं तेवढंच, लावलं नाही;
आत कुणीतरी अजून खोकत होतं.