दारूचा एक थेंबही नाही

मी झुल्मिरा. फ्लोरेश बेटावरून आले,
दोन दिवस उशिरा, कारण समुद्राने बोट सोडली नाही.
तीन मिनिटं मिळतील, असं दारावरच्या मुलाने सांगितलं.
माझी जीभ जड आहे, माननीय सदस्यहो,
तेव्हा माझी तीन तुमच्या दोनाएवढी धरा.

आधी हे लिहून घ्या :
मी प्यायलेली नाही.
जिना चढताना मी कठडा दोन्ही हातांनी धरला
तेव्हा तुमच्यातल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं.
ती नजर आमच्या घरात पणजोबापासून आहे,
वाटणीत सगळ्यांना सारखी आलेली.

माझा बाप घोड्यावर दुधाच्या किटल्या लादून
डोंगरावरून खाली आणायचा.
चाळिशीत त्याच्या पायांनी रस्ता ओळखणं सोडलं.
एका पहाटे तो हायड्रेंजियाच्या कुंपणात आडवा,
दूध काळ्या दगडांवरून गटारात,
आणि दुकानदार हसत : "सकाळी सकाळीच, हर्मिनियु?"

त्याने तोवर थेंब घेतला नव्हता.
पुढे घ्यायला लागला.
म्हणायचा, बदनामी झालीच आहे,
चव तरी कळू दे.

आजाराला नाव आहे.
दोन घराण्यांची आडनावं, मधे एक छोटी रेघ.
आमच्या माणसांची नावं पाठ्यपुस्तकात गेली, गल्लीला मिळाली नाहीत.

भावाची मुलगी इरिया एकोणीस वर्षांची आहे.
नाणं तिच्यासाठी हवेत आहे अजून.
परवा भांडी विसळताना म्हणाली,
"आत्या, चाचणी करून घेऊ का?
पण कळून करू काय? औषध तर नाहीच."
मी बशी पुसत राहिले.
कोरडी झाली तरी पुसत राहिले.
त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
म्हणून बोटीत बसले.

तुम्ही विचारता, रुग्ण किती?
थोडे आहोत. एका मासेमारी बोटीत मावू,
काठाला घट्ट धरून.
वादळाने आमचा धक्का नेला
तेव्हा मात्र किती बोटी बुडतील ते मोजत बसला नाहीत,
दगड टाकायला लागलात.
त्याबद्दल गाव तुमचं नाव काढतं, मीही काढते.

अर्थसमितीचे गृहस्थ म्हणाले,
एवढ्याने अंदाजपत्रकाचा तोल जाईल.
तोल.
हा शब्द माझ्यासमोर जरा जपून वापरा, साहेब.

मी चमत्कार मागत नाही.
रक्ताच्या नळ्या ठेवायला एक शीतपेटी,
वीज गेली तरी चालणारी.
मेंदूच्या मागच्या भागात काय झिजतं
ते बघत बसणारी दोन-तीन चिकट माणसं,
आणि त्यांचा दहा वर्षांचा पगार.
दहा. पुढच्या निवडणुकीपर्यंतचा नको.
मागच्या वेळी सहानुभूतीचा ठराव केलात,
एकमताने. आईने तो चौकटीत लावला होता.
ती गेल्यावर चौकट मी फोटोसाठी वापरली.

दिवा लाल झाला. बसते.
मला बसायला वेळ लागतो, तो यात धरू नका.

एक राहिलं.
इथला पाण्याचा ग्लास कुणीतरी अर्धाच भरून ठेवला,
बुडाशी जड, हाताला रुंद.
काठोकाठ भरला असता तर हे टेबल आत्ता ओलं असतं.
दारावरच्या त्या मुलाने असणार.
अशी अर्धी भरायची सवय
कुणाला उगाच लागत नाही.
त्याला मी काही विचारलं नाही.
तुम्ही विचारा.