कडी

साडेआठच्या कदंबातून डिचोलीला उतरते,
आधी खिडक्या उघडते, मग नळ बघते,
मग सतरंजी झटकते. खाण बंद आहे म्हणतात,
तरी तांबडी धूळ रोज येते,
तिची हजेरी कधी चुकत नाही.

कागदावर माझं पद मदतनीस.
कोणाची मदत, ते लिहिलेलं नाही.
विलासिनी टीचर फळ्यावर ससा काढतात
तेव्हा मी मागे मायरनचं नाक पुसत असते,
दुर्वाची सुटलेली रिबीन दातांत धरून,
त्यामुळे सशाच्या गाण्यात
माझा आवाज कधीच नसतो.

या वर्गातलं जे मला ठाऊक आहे
ते हातांनी सांगितलेलं.
कुणाचं इलॅस्टिक कंबरेला रुततंय,
कुणाच्या डब्यात सलग तिसऱ्या दिवशी
कालचाच उंडो, नुसता, कडक,
कोण झोपताना पदर मागत नाही, अंगठा मागतं
आणि मला तासभर एका मांडीवर बसवून ठेवतं.
सेजल 'म्हाका मुतूंक आयलां' म्हणेपर्यंत
उशीर झालेला असतो.
ती आधी गप्प होते, मग गुडघे जवळ घेते.
मी गुडघे वाचायला शिकले.

बसू जूनमध्ये आला.
बाप नव्या फ्लॅटांच्या कामावर सेंटरिंगला,
आई तिथेच, डोक्यावर घमेलं.
चवथीची सुट्टी संपली तरी बोलला नाही.
टीचरांनी चित्रं दाखवली, केळं, कावळा, होडी.
त्याने एकेकाकडे नीट पाहिलं,
घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.
प्रगतिपुस्तकात हिरव्या शाईने लिहिलं गेलं:
बोलत नाही.
खोटं नव्हतं ते.

पण शौचालयाची कडी मोडलेली आहे.
दुरुस्त होईपर्यंत दार मी धरते.
तीन वर्षं धरतेय,
दोनदा अर्ज दिला, एकदा भांडलेसुद्धा.
आणि एका सकाळी आत बसून बसू मोजू लागला,
फरशा की कौलं, कोण जाणे,
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,
स्वच्छ, गवंड्याच्या पोरासारखं,
एकावर एक ठेवत.
दहाच्या पुढे अडखळला. सगळं पाडलं.
पुन्हा पायापासून रचलं.
मी दार धरून उभी, हातात तांब्या,
खोकलेसुद्धा नाही.

टीचरांना सांगावं, तीनदा मनात आलं.
चांगल्या आहेत त्या. आनंदाने
त्याला पुढे उभं करतील, म्हणतील,
हं, म्हण बघू सगळ्यांसमोर,
आणि जे दार मी धरून आहे
ते आतून लागेल.
मग वाटलं, हे ठरवणारी मी कोण,
महिन्याला एवढ्याशा पगाराची?
त्या रात्री भात करपला.

बुधवारच्या बाजारात त्याची आई दिसली,
सुक्या बांगड्यांची घासाघीस करताना.
नखांत सिमेंट. मी बोटं वर केली, दहा,
मग आणखी एक, आणि भुवया उचलल्या.
ती बघत राहिली. मग हसली,
मासळीवालीही हसली, उगाच.
हन्नोंदु, म्हणाली.
घरापर्यंत तो शब्द मी
पिशवीतल्या अंड्यासारखा आणला.

गुरुवारी दाराआड तो दहावर थांबला.
मी इकडून, पाण्याकडे बघत, हळूच म्हटलं,
हन्नोंदु.

आत काही नाही.
नळाचा एक थेंब. दुसरा.
वर्गात ससा पुन्हा झोपी गेला होता.
वाटलं, घालवलं मी सगळं, आगाऊपणा केला.

मग आतून, जरा रागावल्यासारखं,
जणू एवढं सोपं मला का येऊ नये:
हन्नेरडु.

वर्गात तो अजून बोलत नाही.
हिरवी शाई तशीच आहे.
माझं उच्चारण चुकलं की दारावर आतून
एक टिचकी वाजते.

काल मुख्याध्यापक स्वतः म्हणाले,
बाये, सुतार आलाय बाकं दुरुस्त करायला,
ती कडीही घेऊ का बसवून?
म्हटलं, राहू दे सर.
चालतंय.